चीनला एकटं जायचंय? आधी फोन तयार करा

चीनला एकटीच चाललेय म्हटल्यावर घरच्यांनी दोनच प्रश्न विचारले, भाषेचं काय आणि खाणार काय. दोन्हीचं निभतं हो. अडतं ते फोनपाशी, म्हणून व्हिसा हातात आला की आधी फोनच्या मागे लागा.

अलीपे, म्हणजे चीनमध्ये पैसे भरायचं अ‍ॅप, इथं घरी बसूनच फोनमध्ये टाकायचं, पासपोर्टचा फोटो देऊन व्हेरिफाय करायचं आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड जोडायचं. रूपे हिशोबात धरू नका. बँकेच्या अ‍ॅपात इंटरनॅशनल पेमेंट चालू आहे ना बघा, ओटीपी आपल्याच सिमवर येतो. 200 युआनच्या आतल्या पेमेंटला जादा काही कापत नाहीत, वर गेलं की 3 टक्के जातात. मेट्रो, टॅक्सी, फुटपाथवरची भाजलेली रताळी, सगळं त्या एका अ‍ॅपवर.

हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा काही म्हणजे काही चालत नाही, तिकडं ते सगळं ब्लॉक आहे. पण आपल्या सिमचं रोमिंग किंवा ट्रॅव्हल ई-सिम असेल तर सगळं चालतं, कारण तो डेटा बाहेरच्या नेटवर्कमधून फिरून येतो. नकाशाला आमॅप नावाचं चिनी अ‍ॅप घ्या, गूगल मॅप तिकडं बेभरवशाचा.

आणि बॅटरी! शीआन शहरातल्या मुस्लिम गल्लीत लियांगपी खाल्ली (थंडगार पांढऱ्या नूडल्स, वर काकडी, व्हिनेगर आणि लाल तेल, मांस नाही) आणि पैसे द्यायला फोन काढला तर बंद. 100 ची नोट दिली, मावशींकडं सुटे नाहीत, त्या हसतायत, मी हसतेय, शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलानं स्कॅन करून माझे 12 युआन भरून टाकले. नोट घेईना, मग पिशवीतली लोणावळ्याची चिक्की दिली तर पठ्ठ्यानं तिथंच फोडून अख्ख्या टेबलाला वाटली. तर पॉवर बँक हवीच आणि सुट्या नोटाही. देशांतर्गत विमानानं जाणार असाल तर पॉवर बँकवर 3सी (चीनचा सुरक्षेचा) शिक्का असल्याशिवाय नेऊ देत नाहीत, 2025 च्या जूनपासून हा नियम आहे.

मी तर म्हणेन ट्रेननंच जा. 12306 नावाच्या सरकारी अ‍ॅपवर 15 दिवस आधी बुकिंग उघडतं, कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. ऑटोमॅटिक गेटनं पासपोर्ट घेतला नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो त्या रांगेत जायचं. स्टेशनात बॅगा तपासतात, म्हणून तासभर आधी पोचा. बीजिंग वेस्ट ते शीआन नॉर्थ साधारण 1200 किलोमीटर, साडेचार ते सहा तास. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, माझं उपम्याचं पाकीट त्यावर झकास झालं.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, वरचा खिमा बाजूला करून तेच ताट पुढं ठेवतात. मांस, मासे, चरबी, हाडांचं सूप काहीच चालत नाही असं अख्खं वाक्य चिनीत करून फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं आणि भात कुठंही मिळतो.

बीजिंगचा राजवाडा, म्हणजे फॉरबिडन सिटी, सोमवारी बंद, तिकीट 7 दिवस आधी पासपोर्ट नंबरवर, दारात गेल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. उत्तरेच्या दारानं बाहेर पडलं की समोरच जिंगशानची टेकडी, चढा, वरून पिवळ्या छपरांचा जो पसारा दिसतो तो आत फिरताना कळतच नाही. 1 ते 7 ऑक्टोबर मात्र चुकूनही जाऊ नका, अख्खा देश सुट्टीवर असतो.

पण मला विचाराल तर सकाळी 7 ला बीजिंगमधलंच थ्येनथान, म्हणजे टेंपल ऑफ हेवनचं पार्क. एक आजोबा लांब दांडीचा स्पंजचा ब्रश बादलीत बुडवून फरशीवर पाण्यानं अक्षरं काढत होते, पाचवी ओळ होईस्तोवर पहिली वाळून गायब. पलीकडं आज्या पिसांचं फूल पायानं उडवत होत्या, मला बोलावलं, मी दोनदा हुकवलं, तिसऱ्यांदा त्यांनीच माझा गुडघा धरून वाकवून दाखवला.

शीआनला मातीची फौज, म्हणजे टेराकोटा आर्मी, सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक, बघायला मेट्रोच्या 9 नंबर लाइननं हुआछिंग ची स्टेशन आणि पुढं बस. वाटेत टूर विकणाऱ्यांकडं बघू नका. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली ही फौज, पहिल्या खड्ड्यात गर्दी इतकी की डोकीच दिसतात, म्हणून दुसऱ्या खड्ड्यात काचेतल्या गुडघे टेकून बसलेल्या धनुर्धाऱ्याच्या मागं जाऊन उभे राहा, त्याच्या बुटाच्या तळव्यावरचे टाकेसुद्धा कोरलेत. संध्याकाळी शीआनमधलाच दायान पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा. ह्युएन त्संगनं भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी 652 मध्ये बांधलेला, आणि हा गडी आपल्या दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, असं लिहूनही ठेवलंय त्यानं.

राहिलंच, खिशात टिश्यू ठेवा. सार्वजनिक टॉयलेट जागोजागी आहेत, बऱ्यापैकी स्वच्छ, पण आत पाणी नाही आणि बऱ्याचदा कागदही नाही, हे मला थ्येनथानमध्ये कळलं, कसं ते विचारू नका.