पाचारणाची जाहिरात करताना या चुका टाळा

पाचारण म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी देवाकडून आलेली हाक. तिच्या जाहिरातीचं पोस्टर देखणं झालं, व्हिडिओ भरपूर फिरला, पण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, चौकशीचा एकही फोन नाही. धर्मप्रांतांसाठी प्रसिद्धीचं काम करताना ही तक्रार मी सतत ऐकतो. खोट बहुधा पोस्टरमध्ये नसते. पोस्टर बघून मुलगा पुढे सरकला की काय होतं, तिथे असते.

एका मोहिमेत ही चूक मीच केली. क्यूआर कोड स्कॅन केला की थेट अर्ज उघडायचा: बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, धर्मग्रामाच्या फादरांचं शिफारसपत्र. ज्या तरुणाने घरी अजून तोंडही उघडलेलं नाही, तो शिफारसपत्र आणणार कुठून? आम्ही तीनच प्रश्न ठेवले: नाव, नंबर आणि ‘कधी फोन केला तर चालेल?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला. एकाने लिहिलं होतं, ‘रात्री दहानंतर, आई झोपल्यावर.’ त्याला दुपारी बाराला फोन गेला असता तर त्याने तो उचललाच नसता.

मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र हा मार्ग बंद. तिथे खाजगी मेसेज नाहीत, बोलणं आई-वडिलांना धरूनच.

दुसरी खोड फोटोंची. मावळत्या सूर्यासमोर पाठमोरी उभी काळी आकृती आता पुरे. फादर रुग्णालयाच्या खाटेशी बसलेत, सेमिनरीतली मुलं भांडी घासताहेत, कुणी फुटबॉल खेळून चिखलात माखलाय, असं काही दाखवा.

कठीण गोष्टी बारीक अक्षरांत लपवू नका. ब्रह्मचर्य असतंच. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) मिळून किमान 6 वर्षं लागतात, त्याआधी पूर्वतयारीचा काळ वेगळा. एरवी 25 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय धर्मगुरूची दीक्षा मिळत नाही. डीकन (धर्मगुरूपदाच्या आधीची दीक्षा घेतलेला) झाल्यावरही निदान 6 महिने थांबावं लागतं. ‘आजच निर्णय घ्या!’ ही ओळ त्यामुळे हास्यास्पद वाटते, आणि ती चुकीचीही आहे: कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, कलम 1026 नुसार दीक्षेसाठी कुणावरही कसलीही बळजबरी करता येत नाही. ‘धर्मगुरू कमी पडताहेत, वाचवा’ हा सूरही मला पटत नाही. बुडती नाव दाखवून तिच्यात चढायला कोण सांगतं?

काही ठिकाणी मोहीम उत्तम मेंढपाळाच्या रविवारच्या (ईस्टरकाळातल्या चौथ्या रविवारच्या) आधी पंधरा दिवस जागी होते आणि सोमवारी झोपते. याच रविवारी येणारा पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिन 1964 पासून पाळला जातो. पण मुलाच्या मनात चाललेला विचार कॅलेंडर बघून येत नाही. 4 ऑगस्टला फ्रान्समधले धर्मगुरू संत जॉन व्हियानींचा सण असतो. लॅटिन त्यांना अतोनात जड गेली होती. अभ्यासाला घाबरून मागे राहणाऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगली पोस्ट मला तरी सुचत नाही.

आणि छपाईला देण्याआधी पोस्टरवरच्या नंबरवर रविवारी संध्याकाळी स्वतः फोन लावा. मी एकदा लावला, तर पलीकडून फॅक्स मशीनची शिट्टी ऐकू आली.