उपयुक्त आरोग्य-अभिप्राय शोधणारं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

डॉक्टर शोधायला बसलेला माणूस आधीच धास्तावलेला असतो. शेकडो अभिप्रायांतून कामाचे चार वर आणून देणारं मॉडेल त्याला खरा आधार देऊ शकतं. ते फसतं तेव्हा दोष बहुतेक वेळा अल्गोरिदमचा नसतो. 'उपयुक्त' म्हणजे काय, हेच आपण त्याला चुकीचं शिकवलेलं असतं.

मतांनाच लेबल समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'उपयोगी वाटला' या बटणावरची मतं जशीच्या तशी लेबल म्हणून, म्हणजे मॉडेलला शिकवायचं 'बरोबर उत्तर' म्हणून, घेतली जातात. पण जुन्या आणि यादीत वर दिसणाऱ्या अभिप्रायांना मतं मिळतच राहतात. काल आलेल्याला शून्य असतात, कारण तो अजून कुणी वाचलेलाच नसतो. शून्याला 'निरुपयोगी' धरलंत, तर मॉडेल फक्त जुनेपणा ओळखायला शिकेल.

टक्केवारीही फसवते. 2 पैकी 2 मतं म्हणजे 100 टक्के, 100 पैकी 90 म्हणजे 90 टक्के. विल्सनच्या संख्याशास्त्रीय सूत्राने 95 टक्के विश्वासमर्यादेची खालची बाजू, म्हणजे खरं प्रमाण निदान किती असावं याचा सावध अंदाज, काढा: पहिल्याची साधारण 0.34 येते, दुसऱ्याची 0.83. म्हणजे भरवशाचा दुसराच.

शक्य असेल तर काही अभिप्राय दोन-तीन माणसांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. प्रश्न नेमके द्या: आजार कोणता ते कळतं का? उपचार काय झाले? किती ताटकळावं लागलं? 'देवमाणूस आहेत, पाच तारे!' यातून रुग्णाच्या हाती काही लागत नाही. 'गुडघ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, पण नंतरचे व्यायाम कुणी समजावले नाहीत' यातून लागतं. तपासणाऱ्यांचंच आपसांत जुळत नसेल, तर आधी व्याख्या दुरुस्त करा.

मराठी शब्दांचे तुकडे

मराठी अभिप्रायांवर निकाल विचित्र येत असतील, तर पहिल्यांदा टोकन, म्हणजे मजकूर तोडून मॉडेलला दिलेले तुकडे, छापून बघा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत मजकुराचे आकडे करणारी काउंटव्हेक्टरायझर आणि टीएफआयडीएफव्हेक्टरायझर ही साधनं आहेत; त्यांच्यातला मूळ टोकन-पॅटर्न (शब्द कुठे तोडायचा याचा नियम) काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्द तिथेच तुटतो आणि एकेकटी उरलेली अक्षरं टाकून दिली जातात. 'डॉक्टर'चं उरतं 'टर', 'चांगले'चं 'गल'. 'नाही' तर पूर्णच नाहीसा होतो! मग 'फरक पडला' आणि 'फरक पडला नाही' मॉडेलला एकच दिसतात. मोकळ्या जागेवर शब्द तोडणारा स्वतःचा पॅटर्न द्या, विरामचिन्हं वेगळी काढा. स्टॉपवर्डच्या (बिनमहत्त्वाचे म्हणून गाळायच्या शब्दांच्या) यादीतून 'नाही', 'नको', 'पण' आठवणीने वगळा.

अचूकता छान, उपयोग शून्य

100 मधले 90 अभिप्राय निरुपयोगी असतील, तर सगळ्यांना 'निरुपयोगी' म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं. उपयुक्त गटाचे प्रिसिजन (मॉडेलने 'उपयुक्त' म्हटलेल्यांपैकी खरोखर उपयुक्त किती) आणि रिकॉल (खरोखर उपयुक्त असलेल्यांपैकी मॉडेलला सापडले किती) वेगळे बघा. एकाच डॉक्टरचे अभिप्राय ट्रेनिंग (शिकवण्याचा) आणि टेस्ट (तपासण्याचा) अशा दोन्ही गटांत गेले, तर मॉडेल डॉक्टरचं नावच पाठ करतं. विभागणी डॉक्टरनुसार करा. आणि नुसती शब्दसंख्या वापरून एक साधं मॉडेल चालवून बघा. तुमचं मोठं मॉडेल त्याच्या फारसं पुढे जात नसेल, तर ते लांबीच मोजतंय.

उपयुक्त म्हणजे बरोबर, असं धरणं

'गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि दोन दिवसांत बरं वाटलं' असा अभिप्राय सविस्तर असतो, मनापासून लिहिलेला असतो, मॉडेल त्याला वरचे गुण देतं. तो वाचून कुणी रक्तदाबाची गोळी सोडू शकतं. औषध बंद करण्याचा, मात्रा बदलण्याचा उल्लेख असलेले अभिप्राय वेगळे काढा आणि वैद्यकीय जाणकाराने पाहिल्याशिवाय वर आणू नका, गुण कितीही असोत.