मंत्रालयाची पायरी चढण्याआधी

आधी घरी बसून एक गोष्ट शोधायची: आपला विषय कोणत्या विभागात, कोणत्या कार्यासनाकडे, म्हणजे तिथल्या कोणत्या टेबलाकडे आहे? मी एका मागणीसाठी वर्षभर मंत्र्यांच्या पीएंच्या मागे फिरले. शेवटी कळलं, पत्रच भलत्या विभागात पडून होतं.

घरकामगारांसाठी जाणार असाल तर 2008चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आणि त्यानंतरचे जीआर वाचलेले हवेत. मग एकपानी टिपण, त्यात मागणी एकच. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलंत, तर कार्यवाही म्हणून ते पत्र पुढच्या टेबलावर जाईल, एवढंच. कोणत्या कलमात कोणता शब्द बदलायचा ते लिहा. खर्चाचा अंदाजही द्या. पैशाचा विषय आला की नस्ती, म्हणजे आपल्या विषयाची फाइल, वित्त विभागाकडे जाते आणि तिथे कळकळीचा हिशेब धरत नाहीत. आकडा विचारला आणि माहीत नसला, तर ‘उद्या देते’ म्हणा, आणि उद्याच द्या. आपल्या मागणीला कोणाचा विरोध आहे, तेही आपणच आधी सांगितलेलं बरं.

मंत्र्यांसोबत फोटो निघतो, तो ग्रुपवर फिरतो. नस्ती मात्र कक्ष अधिकाऱ्यापासून अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. टिपणी लिहिणारा खाली बसलेला असतो. ‘साहेब, काही माहिती कमी पडतेय का?’ एवढं त्याला विचारून बघा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मात्र निघू नका.

पाकिटाच्या वाटेला जाऊच नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो.

आमदार सत्तेतले गाठा, विरोधातलेही. एकाला तारांकित प्रश्न द्या, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा; दुसऱ्याला लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. दम धरावा लागतो: जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि वटहुकूम निघाला तो 2013मध्ये, त्यांच्या खुनानंतर.

अर्थसंकल्पात तरतूद हवी असेल तर दिवाळीच्या आसपासच विभागात जाऊन बसा. मार्चमध्ये गेलात तर फक्त भाषण ऐकायला मिळेल. आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत चर्चगेटला उतरू नका, साहेब मंडळी नागपूरला असतात.