धुळ्याचा नकाशा पायी कसा भरायचा

धुळ्यात पत्ता विचारला की उत्तर मिळतं, "गल्ली नंबर ४ मध्ये या आणि गिरणीवर विचारा." गिरणी कोणती हे ज्याला ठाऊक, त्यालाच हा पत्ता समजतो. माझी पुण्याची भाची पहिल्यांदा एकटी आली, तेव्हा मोबाईलमधल्या नकाशाने तिला तीनदा फिरवून आग्रा रोडवरच आणून सोडलं. त्या रात्री मी चिडून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं. आता सहा वर्षं झाली. आठवडाभर कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये केबली आणि माउस बदलत असते, आणि रविवारी सकाळी स्कूटी कुठेतरी सावलीत लावून चालत सुटते. घरचे म्हणतात, हिला भटकायला निमित्त सापडलं. खरं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भरावा आणि कुणीही फुकट वापरावा असा जगाचा नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. खात्याला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यावी लागत नाही. पण चूक केली तर ती आपल्या नावावर दिसते.

पहिला महिना संगणकाला हात लावू नका. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप घ्या. तुम्ही उभे असाल तिथलेच प्रश्न ते विचारतं: हा रस्ता डांबरी की काँक्रिटचा? दिवे आहेत का? हे दुकान अजून चालू आहे का? तुम्ही बघायचं आणि उत्तर द्यायचं. दुकानं भरायची असतील तर एव्हरी डोअर हे ॲप बरं, ते आयफोनवरही चालतं. गल्ल्या, नाले, इमारती अशा रेघा ओढायच्या असतील तेव्हा मात्र संगणकावर बसा. ब्राउझरमध्येच उघडणारा आयडी नावाचा एडिटर नवशिक्याला पुरतो.

एक नियम पाळायचाच. गूगलच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नकाशातून बघून इथे काही उतरवायचं नाही, दुकानाचं नावसुद्धा नाही. तो माल दुसऱ्याचा आहे. एडिटरमध्ये जी उपग्रहचित्रं दिलेली असतात, त्यांच्यावरून गिरवायला परवानगी असते. पण चित्रावर आंधळा विश्वास ठेवू नका. धुळ्यातल्या देवपूरच्या कडेला मला चित्रात एक छान सरळ, मातकट रस्ता दिसला, तो मी घरबसल्या काढला. जुलैत तिकडे गेले तर त्यातून गुडघाभर पाणी वाहत होतं. नाला होता तो. तेव्हापासून पायाखालून न गेलेला रस्ता मी काढत नाही.

चालताना फोनमध्ये माग नोंदवायचा. ओएसएमट्रॅकर नावाचं ॲप आपल्या वाटेची जीपीएक्स फाईल, म्हणजे कुठून कुठे गेलो त्या ठिपक्यांची नोंद, बनवतं, आणि मध्ये थांबून फोटो किंवा आवाजातली टिपणंही त्या जागेला चिकटवता येतात. जागा ठरवायला फोनला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून तो अंतर काढतो. मोकळ्या मैदानावर हे काम तीन-पाच मीटरच्या फरकाने जमतं. जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि तुमचा माग लोकांच्या माजघरातून गेल्यासारखा दिसतो. म्हणून गल्लीच्या तोंडाशी, आकाश दिसेल तिथे मिनिटभर उभं राहायचं, मग आत शिरायचं. तीच गल्ली जाताना आणि येताना अशी दोनदा नोंदवायची आणि दोन्ही मागांच्या मधून रेघ काढायची. नेट नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त पहिली जागा सापडायला वेळ लागतो. त्यामुळे घरातून निघतानाच लोकेशन चालू करून ठेवते.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो आणि स्कूटीच्या हँडलवर लावलेला फोन तापून आपोआप बंद होतो. उन्हात पॉवरबँक लावली तर आणखीच लवकर. फोन सुती पिशवीत ठेवा, सहाला निघा, नऊला घरी या. नाहीतर सरळ दिवाळीनंतर सुरू करा.

आता माणसांविषयी, कारण खरा नकाशा त्यांच्याकडून मिळतो. फोन हातात धरून, थांबत-थांबत चालणारी बाई दिसली की पहिला प्रश्न येतो, "महापालिकेतून आल्या का? घरपट्टी वाढणार का?" दुसरा प्रश्न एखाद्या ओट्यावरून, "काय शोधी राह्यनी वं माय?" स्पष्टीकरण देत बसू नका. स्क्रीनवर त्यांचीच गल्ली उघडून दाखवा आणि एक शंका विचारा: "आबा, ही गल्ली पुढे निघते का?" मग चार माणसं जमतात आणि तुम्ही न विचारलेलंही सांगतात, की पुढे पायऱ्या आहेत, बाईक जाणार नाही, मागच्या बाजूने रिक्षा येते. पायऱ्या असतील तर रस्ता म्हणून काढायचं नाही, पायऱ्या हा वेगळा प्रकार निवडायचा. दवाखान्यात निघालेली रिक्षा त्या रेघेवर भरवसा ठेवते. कुणाच्या घराला मालकाचं नाव मात्र द्यायचं नाही, त्यांनी हौसेने सांगितलं तरी.

नाव हा सगळ्यात किचकट भाग. पाटीवर एक, तोंडात दुसरं. पाटीवरचं नाव मुख्य रकान्यात, लोक म्हणतात ते पर्यायी नावाच्या रकान्यात, आणि बदललेलं जुनं नाव जुन्या नावाच्या रकान्यात. मराठी नावाला स्वतंत्र भाषेचा रकाना आहे. तो आवर्जून भरा, देवनागरीतच भरा. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचणारा बाहेरचा माणूस 'देवपूर'चं काय करतो ते मी ऐकलं आहे.

बायकांनी आणखी एक काम अंगावर घ्यावं, पुरुषांच्या ते लक्षात येत नाही: सार्वजनिक स्वच्छतागृहं. नुसता ठिपका देऊन भागत नाही. महिलांसाठी आहे का, पैसे लागतात का, किती ते किती उघडं असतं, हे सगळं भरता येतं. मी बाजारात खरेदीला गेले की आत जाऊन बघून येते. कुलूप असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा. तीनदा कुलूप दिसलं तर मी ते नकाशातून काढून टाकते.

शहर थोडं आटोपलं की पांझरा नदीच्या काठाने पश्चिमेला निघा, सुरत रोडने कुसुंबा, नेर या बाजूला. इथली शेताला पाणी वाटायची फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकदाच आणि सारखं सुटतं. पाणी द्यायला गावाचा पाटकरी. जगभरचे अभ्यासक हे बघायला येतात आणि नकाशात मात्र तिथे नुसती हिरवी जागा होती. मला स्फुरण चढलं. उपग्रहचित्रावर पाटाची बारीक गडद रेघ दिसत होती, ती मी शेताच्या टोकापासून बंधाऱ्यापर्यंत सरसर ओढली.

पुढच्या रविवारी काठावर एक म्हातारे पाटकरी भेटले, त्यांना कौतुकाने फोन दाखवला. एडिटरमध्ये पाण्याच्या रेघेवर बारीक बाण असतात. ते त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि हसायलाच लागले. "माय वं, तुन्हं पानी उलटं चढी राह्यनं!"

गोम अशी आहे की या नकाशात पाण्याची रेघ ज्या दिशेने ओढाल, त्या दिशेने पाणी वाहतं असं धरलं जातं. रस्त्याला हे लागू नाही, म्हणून हात चुकतो. पाट नेहमी बंधाऱ्यापासून सुरू करून शेताकडे ओढा. चुकलंच तर रेघ निवडून 'उलट करा' म्हटलं की बाण फिरतात. बंधाऱ्याची आडवी रेघ वेगळी काढा, मोठ्या पाटाला कालव्याचा आणि त्यातून फुटणाऱ्या चाऱ्यांना लहान चराचा प्रकार द्या. फडाच्या हद्दी सध्या काढू नका. मी एकदा काढल्या आणि पुढच्या हंगामात बांध हलले होते. पाण्याच्या दिवसांत आणि पाणी बंद असताना, असं दोनदा जाऊन या. कोरड्या पाटाला चित्रात पायवाट समजण्याची चूक सगळेच करतात.

लळिंगच्या किल्ल्यावर जाणार असाल तर आदल्या रात्री ऑर्गॅनिक मॅप्स या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या, तो नेटशिवाय चालतो. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तुमची चढायची वाट आहे. पायवाट, टाकं, दरवाजा एवढं भरलं तरी पुढच्या माणसाची सकाळ वाचते.

घरी आल्यावर त्याच दिवशी भरा. दोन दिवसांनी टिपणातलं "लाल फाटक, डावीकडे" कुठलं ते आठवत नाही. थोडं-थोडं जतन करा, आणि जतन करताना विचारलेल्या टिप्पणीत 'बदल केले' असं मोघम न लिहिता 'गल्ली ५ मधल्या पायऱ्या, प्रत्यक्ष पाहून' असं लिहा. जिथे स्वतः खात्री नाही तिथे काही न काढता नुसती नोट सोडता येते, म्हणजे दुसरं कुणी जाऊन बघतं. माझी एक नोट अजून उघडी आहे. नेरकडच्या त्या पाटाचं नाव विचारलं तर पारावरच्या तिघांनी तीन नावं सांगितली आणि आपसात भांडायला लागले. दोन मी रकान्यात भरली. तिसरं सांगणारे नाना म्हणाले, "ते दोघं सोयरे आहेत, बाहेरून आलेत, त्यांचं काय ऐकता?" पाटकऱ्यांना विचारायला परत जायचं आहे, पाणी सुटलं की.