ईएमएम३८६ चालू करण्याआधी

ईएमएम३८६ हा डॉसचा ड्रायव्हर प्रोग्रॅमना एक्सपांडेड मेमरी (ईएमएस), म्हणजे ६४० केबीच्या पलीकडची जादा मेमरी, पुरवतो. जुन्या मशीनवर डॉस ५ किंवा ६ टाकून ही मेमरी मागणारा प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर सगळ्यात आधी बूट फ्लॉपी (जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशी) करून ठेवा. कॉन्फिग.सिस या सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधली एक ओळ चुकली की मशीन सुरू होतानाच अडकतं, आणि एफ५ दाबून ती फाइल टाळायची सोय १९९३ च्या ६.० मध्ये आली. ५ वाल्यांना फ्लॉपीच तारते. 'फॉरमॅट ए: /एस' झालं की तिच्यावर एडिट.कॉम (फाइल दुरुस्त करायचा प्रोग्रॅम) टाका आणि सोबत क्यूबेसिक.एक्झी न विसरता, कारण त्याच्याशिवाय एडिट उघडतच नाही. चालू असलेल्या कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅटची (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) नक्कलही त्याच फ्लॉपीवर.

मग प्रोसेसर बघा. ३८६ किंवा त्यापुढचाच हवा, ३८६एसएक्स चालेल. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेली ही मेमरी मुळात वेगळ्या कार्डावर यायची: ६४० केबीच्या वर ६४ केबीची चौकट, तिच्यात १६ केबीची चार पानं, आणि प्रोग्रॅम मागेल ते पान कार्ड त्या चौकटीत आणून देणार. ३८६ मध्ये पेजिंग, म्हणजे पत्त्यांच्या टेबलाने मेमरीची पानं हवी तिथे लावायची सोय, चिपमध्येच असल्याने ईएमएम३८६ नुसते टेबलातले पत्ते बदलतो, डेटा जागचा हलत नाही. २८६ वर हे सोंग आणणारे ड्रायव्हर दरवेळी अख्खे १६ केबी कॉपी करत बसायचे. वर एकच पान चौकटीत दोन ठिकाणी लावलं, तर एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे उमटायचं नाही, आणि त्यावर विसंबलेला प्रोग्रॅम कोसळायचा. २८६ असेल तर सरळ कार्ड शोधा.

कॉन्फिग.सिसमध्ये हिमेम.सिस (१ एमबीच्या वरची मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) आधी, ईएमएम३८६.एक्झी नंतर; हा क्रम उलटला तर काही चालणार नाही. पुढे 'डॉस=हाय,यूएमबी', म्हणजे डॉस वर हलतं आणि ६४० केबीच्या वरच्या रिकाम्या जागा ड्रायव्हरना वापरता येतात. आता ईएमएम३८६ च्या ओळीत 'रॅम' (ईएमएस सकट) की 'नोईएमएस' (त्याविना)? प्रोग्रॅम ईएमएस मागत नसेल तर 'नोईएमएस' लिहा, चौकटीचे ६४ केबी वाचतात आणि तिथे माउस, सीडीरॉमचे ड्रायव्हर बसतात. उगाच 'रॅम' लावून मग बेस मेमरी (पहिले ६४० केबी) कमी पडते म्हणून रडणारे खूप आहेत. डॉस ५ वर 'रॅम' लावलंत तर आकडाही द्या, उदाहरणार्थ २०४८, नाहीतर २५६ केबीच मिळतील.

नेटवर्क किंवा स्कझी (डिस्क वगैरे जोडायचं) कार्ड असेल तर त्याचा मेमरीतला पत्ता आधी कागदावर लिहून घ्या आणि ईएमएम३८६ च्या ओळीत 'एक्स=डी०००-डी३एफएफ' अशा धर्तीवर तो भाग वगळा. हे राहिलं तर मशीन कधी चालतं, कधी लटकतं, आणि दोष बिचाऱ्या मेमरी चिपांना लागतो.

रीबूट करून 'मेम /सी' चालवा, खाली ईएमएसचा आकडा दिसला पाहिजे. विंग कमांडर या गेमला हा आकडा पुरेसा मिळाला तर कॉकपिटमध्ये वैमानिकाचा हात हलताना दिसतो. उलट अल्टिमा ७ हा गेम ईएमएम३८६ असेल तर सुरूच व्हायला नकार देतो, त्याला प्रोसेसर रिअल मोडमध्येच (मशीन सुरू होतं त्या साध्या मोडमध्ये) हवा. दोन्ही खेळायचे असतील तर डॉस ६ च्या कॉन्फिग.सिसमध्ये मेनू करा: एक पर्याय ईएमएम३८६ सकट, दुसरा फक्त हिमेमचा.