कुणालाही ट्रोल म्हणायच्या आधी हे करून बघा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू होती तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, बिल्डर बँक गॅरंटी (म्हणजे त्याने काम अर्धवट सोडलं तर बँकेकडून सोसायटीला पैसे मिळण्याची हमी) किती देणारे? कुणीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत, आणि या वेळी वर "कमिटी झोपलीय का" असंही. मी ॲडमिन, वैतागून लिहून टाकलं की काका ट्रोलिंग बंद करा, त्यावर धडाधड अंगठे आले आणि काका ग्रुप सोडून गेले. नंतर मी सरकारचे ४ जुलै २०१९ चे रिडेव्हलपमेंटचे निर्देश वाचायला घेतले तर त्यात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचं लिहिलेलंच आहे. म्हणजे अख्ख्या ग्रुपमधे मुद्द्याचा प्रश्न काकांनी विचारला होता आणि गप्प मी केलं त्यांना. घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून जे पाळते ते सांगते.

आधी शब्द समजून घ्या. ट्रोलिंग म्हणजे मूळचं चालत्या होडीमागे गळ ओढत नेऊन मासे पकडणं. ९० च्या दशकात युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, मुरलेले लोक मुद्दाम चावून चोथा झालेला प्रश्न टाकायचे, कोण नवखा गळाला लागतो ते बघायला. तर ट्रोल तो, ज्याला उत्तर नकोच असतं, तुम्ही चिडलेलं हवं असतं. तिरकस बोलणारा, हट्टी, दुसऱ्या पक्षाचा, एकच गोष्ट दहादा विचारणारा, हे सगळे ट्रोल नाहीत. जे खटकलं तेच बोला: भाषा जरा सांभाळा, किंवा हा आकडा चुकलाय, किंवा विषय भरकटतोय. आणि कुणी बाईला इनबॉक्समधे धमक्या देत असेल तर तेही नुसतं ट्रोलिंग नाही, तो गुन्हा आहे, स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे तक्रार करा. सगळ्यांना एकच शब्द लावला की असली गोष्ट पण किरकोळ वाटायला लागते, याची मला खरंच काळजी वाटते.

मग एकदा सरळ उत्तर द्या. खोचक नाही, माहितीचं, शक्य असेल तर कागदाचा फोटो टाकून. खरोखर विचारणारा माणूस त्या उत्तरावर बोलतो, पटलं नाही तरी त्याच्यावरच भांडतो. गळ टाकणारा उत्तराकडे ढुंकूनही बघत नाही, लगेच दुसरीकडे काडी टाकतो. दोनदा असं झालं की गप्प बसा, तेव्हाही ट्रोल म्हणू नका, कारण तुम्ही चिडून तसं लिहिलंत की त्याला मासा मिळालाच. आणि समोरचा खरा असेल तर तुम्ही एक शहाणा माणूस घालवलात. कसाही हिशोब करा, तो शब्द लिहून हाती काही लागत नाही.

ओळखीचा माणूस असेल तर फोन करा. टाइप केलेल्या वाक्याला आवाज नसतो, त्यात आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ लोक स्मायली वापरत नाहीत, पूर्णविराम देऊन तुटक लिहितात, आपल्याला उगाच खेकसल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या कुणाला ट्रोल ठरवलं जातंय असं दिसलं आणि प्रश्न तुम्हालाही पडलेला असेल तर फक्त "मला पण हे जाणून घ्यायचंय" एवढं लिहा. त्या दिवशी काकांसाठी एकाने जरी हे लिहिलं असतं तर मी थांबले असते. आणि तुम्हालाच कुणी म्हणालं तर मी तसा नाही वगैरे सांगत बसू नका, प्रश्न एका ओळीत परत टाका, सोबत ज्या कागदावरून विचारताय त्याचा पान नंबर द्या.

ॲडमिन असाल तर उत्तर न मिळालेला प्रश्न पिन करून ठेवा. काका आता परत ग्रुपवर आहेत. सध्या पिन केलेला प्रश्न त्यांचाच आहे, पर्यायी जागेचं भाडं दरवर्षी वाढणार का, आणि रविवारी बिल्डरचा माणूस येणारे तेव्हा तोच पहिला विचारायचा असं ठरलंय.