भाड्याच्या होडीने नदीची सफर: आखणी कशी करावी

होडी पाण्यात कुठे घालायची, यावरच सगळ्यांची चर्चा रंगते. आखणी मात्र दुसऱ्या टोकाकडून करावी: काठाला कुठे लागायचं?

शेवटची जागा आधी

तिथे पाणी संथ हवं, काठ उतरता हवा आणि गाडी जवळ यायला हवी. निघण्यापूर्वी ही जागा प्रत्यक्ष पाहून या, कारण रस्त्यावरून ओळखीचा वाटणारा काठ पाण्यातून वेगळाच दिसतो. पुलासारखी ठळक खूण असेल तर उत्तम. परतायची सोय होडीवाला करणार की तुम्ही, तेही बोलून घ्या. दोन गाड्या असतील तर एक शेवटी लावून ठेवा आणि तिची चावी सोबत घ्या. ती नेमकी पहिल्या गाडीतच राहते!

अंतर

संथ पाण्यात नवखी माणसं तासाला 3 ते 4 किलोमीटर जातात. जेवण, पोहणं, रेंगाळणं धरून पहिल्या दिवशी 10 ते 12 किलोमीटर पुरे. अंतर नदीच्या वळणांसकट मोजा. समोरून वारा असेल तर आणखी कमी धरा.

पाणी

इथे घाई नको. नदीच्या अवघडपणाच्या 1 ते 6 अशा श्रेणी असतात. नवख्यांनी पहिलीतच राहावं. पण श्रेणी कायमची नसते. पाऊस पडला किंवा धरणातून पाणी सोडलं की तोच संथ पट्टा अंगावर येतो. म्हणून आदल्या दिवशी आणि निघताना पातळीची चौकशी करा.

वाटेतले बंधारे नकाशावर आधीच हेरा. होडीतून बंधारा नुसत्या सपाट रेषेसारखा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरत राहतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्यालाही सोडत नाही. बराच अलीकडे काठाला लागा आणि होडी उचलून पलीकडे न्या. प्रवाहात आडव्या पडलेल्या झाडांपासूनही लांब राहा: फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

होडी घेताना

नवख्यांना आत न शिरता वर उघड्यावर बसायची कयाक (लांबट, अरुंद होडी) सोपी. उलटली तरी तिच्यात पाणी भरून राहत नाही. सामान जास्त असेल तर कॅनो (वरून मोकळी, पोटात जागा असलेली होडी) बरी. तळाचं बूच, तडे, वल्ही तपासा. गटासाठी एक वल्हं जादा मागा. आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. पाणी वाढल्यामुळे सफर रद्द केली तर पैसे परत मिळतात का, हे आधीच विचारा, नाहीतर भरलेल्या पैशांपायी माणूस नको त्या पाण्यात उतरतो.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा आणि कुणालातरी खांद्याकडून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर माप चुकलंय.

कोरडे कपडे, फोन आणि औषधं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून होडीला बांधा. माणसाला मात्र कधीच बांधू नका.

उलटलात तर

पाणी जिकडून येतं, होडीच्या त्या अंगाला राहा. पाण्याने भरलेली होडी शेकडो किलोंची होते आणि खडकाशी दाबते. जोराच्या धारेत उभं राहू नका, पाय दगडांत अडकतो. उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, काठाकडे सरका.

काठावरच्या एकाला मार्ग आणि पोहोचायची वेळ लिहून द्या. किती उशीर झाला की मदत बोलवायची, तेही त्याच कागदावर लिहा.